परक्या नावावरची चाकरी

वाई,
दि. २८ एप्रिल

चिरंजीव बाळू यास धाकट्या आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण असे की, परवा भुईंजच्या लग्नात पंगत उठता उठता तुझ्या आत्याने मला बाजूला घेऊन जे काही सांगितले, ते खरे मानावयास माझे मन अद्याप तयार नाही; आणि ते खोटे समजून स्वस्थ बसावे, तर माझा विश्वास तुझ्यावर पूर्ण असला तरी तुझ्या वयावर मुळीच नाही. ती म्हणते की, अकरावीची परीक्षा संपल्यापासून तू सिंहगड रस्त्यावर रात्री साडेदहा-अकरापर्यंत, पाठीवर ती चौकोनी पेटी अडकवून, कोणा मित्राच्या थोरल्या भावाच्या स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवण पोहोचवीत हिंडतोस; कंपनीच्या दप्तरी नाव त्या भावाचे, मोबाईलवर फोटो त्याचा, पैसे जमा होतात तेही त्याच्याच खात्यात, आणि आपला वाटा कापून घेऊन उरलेले तो तुझ्या हातावर ठेवतो. घरी मात्र अभ्यासिकेत जातो म्हणून सांगून निघतोस. आत्याला हे तिच्या शेजारणीने सांगितले आणि शेजारणीला तिच्या मुलाने, म्हणजे बातमी तिसऱ्या हातची आहे. पण महसूल खात्यात जन्म घालविलेल्या माणसाला इतके कळते की, तिसऱ्या हातची बातमी तपशिलात पुष्कळदा चुकते, मुद्द्यात क्वचित.

तू काम करण्याला माझी हरकत आहे, असा अर्थ यातून काढू नकोस. ज्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे वसतिगृहात अठरापगड जातींची मुले एका पंगतीला बसवून, त्यांच्याच श्रमावर त्यांचे शिक्षण पार पाडण्याची 'कमवा आणि शिका' ही रीत घालून दिली, त्या जिल्ह्यातल्या माणसाने नातवाला 'सुट्टीत काम करू नकोस' म्हणणे शोभणार नाही. उलट तुझ्या बरोबरीची पोरे पंख्याखाली आडवी पडून सुट्टी काढीत असता तुला चार पैसे मिळवावेसे वाटले, याचा मला आतून अभिमानच वाटला, आणि तो आत्यापासून लपविताना माझी थोडी तारांबळ उडाली. हरकत आहे ती त्या रात्रीला, त्या स्कूटरला आणि सर्वांहून अधिक त्या उसन्या नावाला.

स्कूटरचे आधी सांगतो. तुला अठरा पुरी व्हावयास दिवाळी उजाडायची आहे. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने जो परवाना मिळतो, तो ५० सीसीच्या आतल्या, गिअर नसलेल्या गाडीचा. तुम्ही पोरे ज्या स्कूटर उडविता त्यांचे इंजिन त्याच्या दुपटीहून मोठे, तेव्हा 'लायसन काढले आहे' ही सबब माझ्यापुढे मांडू नकोस. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तीप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. म्हणजे उद्योग तुझे, आणि फौजदारी कोर्टाच्या खेपा घालावयाच्या त्या तुझ्या वडिलांनी, जे रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिव्यापाशी थांबतात आणि मागच्यांच्या शिव्या खातात! रात्रीचेही तसेच. बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ साली सुधारला. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना कोणत्याही आस्थापनेत सायंकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत कामाला लावता येत नाही, विश्रांती धरून सहा तासांवर त्यांचा दिवस जाता कामा नये, आणि आठवड्यास एक पूर्ण सुट्टी त्यांना मिळालीच पाहिजे. कायदा जाणणाऱ्या मालकाने तुला रात्री दारात उभे केले नसते. म्हणूनच तर हे दुसऱ्याच्या नावाचे प्रकरण उभे राहिले.

आणि या नावापाशी येऊन माझे घोडे पुनःपुन्हा पेंड खाते. मी खात्यात रुजू झालो तेव्हा मामलेदार कचेरीत कुळकायद्याच्या प्रकरणांचे ढीग अजून पडून होते. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. कागदावर किती सोपे! पण सुनावणीला असा एखादा म्हातारा येई, की ज्याच्या तळहाताला पडलेल्या घट्ट्यांमुळे मूठ पुरती मिटत नसे, बांधावरचे कोणते झाड कोणत्या साली लावले ते जो तोंडपाठ सांगे, आणि सातबाराच्या उताऱ्यावर पीकपाहणीत मात्र वर्षानुवर्षे 'खुद्द' असा शेरा, म्हणजे मालक स्वतःच जमीन कसतो अशी नोंद. 'नाव कशाला लावतोस, मी काय तुला परका आहे?' असे मालक कधीकाळी म्हणाला होता, आणि याला भीड पडली होती. साक्षीला बोलावलेले शेजारी मालकाच्या दहशतीने खाली पाहत. मग अर्ज नामंजूर झाल्याचे त्याला वाचून दाखवावयाचे आणि त्याच्या अंगठ्याला शाई लावून कागदावर टेकवावयाचा, हे काम माझ्यासारख्या कारकुनाकडे येई.

तू म्हणशील, कोठे कुळकायदा आणि कोठे हे जेवणाचे डबे. अरे, उद्या त्या स्कूटरवरून तू घसरलास, देव करो आणि तसे न होवो, तर जो काही विमा असेल तो ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याचा. कागद असेच सांगतील की त्या रात्री त्या रस्त्यावर तू नव्हतासच. एखाद्या गिऱ्हाइकाने पैशांची तक्रार केली, कोणाला धक्का लागला, की तोच थोरला भाऊ 'मी तर घरी झोपलो होतो' म्हणून मोकळा होईल, आणि ते खरेही असेल.

कायदा आणि कचेरी मी पुढे करतो आहे खरा, पण माझ्या जिवाला घोर लागला आहे तो निराळ्या कारणाने. तुझ्या आजोबांचा डावा पाय तुला आठवत असेल. पाऊस लागला की त्यावर एरंडाचे पान शेकून बांधीत आणि ओट्यावर बसून राहत. तुम्ही मुलांनी विचारले की 'लहानपणी आंब्यावरून पडलो' म्हणत. दादा आंब्यावरून कधी पडले नाहीत. १९६३ च्या उन्हाळ्यात ते पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला सीझनला गेले होते. मुंबईच्या पाहुण्यांच्या ट्रंका आणि होल्डॉल उचलावयाचे तर हमालाचा पितळी बिल्ला लागे. दादांजवळ तो नव्हता, तेव्हा गावी गेलेल्या एका हमालाचा बिल्ला त्यांनी रोजच्या कमाईत भागी ठरवून दंडाला बांधला. मेच्या अखेरीस मोटारीच्या टपावरची एक लोखंडी ट्रंक उतरविताना निसटली ती थेट पायावर आली. मुकादमाने आधी बिल्ला काढून घेतला, मग त्यांना वाईच्या गाडीत बसवून दिले. भरपाई मागावयाची कोणाच्या नावाने? माथाडी-हमालांचा कायदा झाला तो पुढे १९६९ साली, आणि त्याचाही आसरा ज्याचे नाव नोंदवहीत आहे त्यालाच.

जाण्यापूर्वी दादा मला म्हणाले होते, 'तूही चल, दोघे असलो म्हणजे ओझे वाटून घेऊ.' मी अभ्यासाची सबब सांगितली. तो अभ्यास म्हणजे वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या, हे त्यांना पक्के ठाऊक होते. जून महिन्यात लंगडत येऊन त्यांनी माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे उशाशी ठेवले आणि 'पावती नीट जपून ठेव' एवढेच म्हणाले. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, तुझा बाप माझ्याच अंगाखांद्यावर खेळला; पण तो विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मलाही काढवला नाही. ते गेले त्या वर्षी दिवाळीत बोलावे असे मनाशी योजले होते. ते भाद्रपदातच गेले.

असो. रागवायचे ते रागावून झाले. आता कामाचे बोलू.

अप्पा बळवंत चौकात माझ्या जुन्या ओळखीचे एक पुस्तकविक्रेते आहेत. (ज्यांच्या नावाने तो चौक ओळखला जातो, ते अप्पा बळवंत पानिपतच्या मोहिमेत कामास आलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचे चिरंजीव, ही माहिती दुकानात सांगू नकोस, पुण्यात ती सर्वांना असते.) मेच्या मध्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत तेथे बालभारतीचे संच, वह्यांचे डझन आणि कव्हरचा खाकी कागद यांसाठी आईबापांची अशी झुंबड उडते की, दुकानदाराला चार हात कमीच पडतात. सकाळी अकराच्या सुमारास जा. संध्याकाळी गेलास तर ते तुझ्याकडे मान वर करूनही पाहणार नाहीत. वडिलांना बरोबर ने, पण बोलावयाचे तू. वय खरे सांग, आणि संध्याकाळी सातच्या आत सुटणार हेही सांग. पगार किती, तो आठवड्याला की महिन्याला, सुट्टी कोणत्या वारी, हे पहिल्याच दिवशी विचार. 'तुम्ही द्याल ते' असे चुकूनही म्हणू नकोस. तसे म्हणणाऱ्याला माणसे कमी देतात आणि वर उपकार केल्यासारखे वागतात. हे काम जमले नाही आणि दुसरीकडे शोधावे लागले, तर जो कोणी अनामत म्हणून, नोंदणी म्हणून, शिकविण्याची फी म्हणून आधी तुझ्याकडूनच पैसे मागेल, त्याच्या दारात उभा राहू नकोस. पगारासाठी बँकेत स्वतःच्या नावाचे खाते असू दे, आणि ते कोणा मित्राला चार दिवसांपुरतेही वापरावयास देऊ नकोस. पाहा, फिरून फिरून मी नावावरच आलो.

पहिले काही दिवस तुला गठ्ठे बांधावयास लावतील, कंटाळू नकोस. मला रेकॉर्ड रूममध्ये पहिल्या दिवशी एका वृद्ध रेकॉर्डकीपरांनी जुनी दप्तरे रुमालात बांधावयास बसविले होते. कागद चारी कडांनी मेजावर ठोकून सारखे करावयाचे, जाड प्रकरण तळाशी घालावयाचे, रुमालाची समोरासमोरची टोके ताणून गाठ अशी द्यावयाची की गठ्ठा गाठीला धरून उचलला तरी आतला कागद हलू नये, आणि सोडताना मात्र ती एका हाताने सुटावी. माझी गाठ त्यांनी दिवसभर सोडून दाखविली. संध्याकाळी एक सोडली नाही, तेव्हा मला जो आनंद झाला तो पुढे अव्वल कारकून झालो त्या दिवशीही झाला नाही, हे तुला म्हणून सांगतो.

तुला पैसे कशासाठी हवे आहेत, ते आत्याला माहीत नाही आणि मी विचारीत नाही. नवा मोबाईल हवा असेल, गडावर जावयाचे असेल, कोणाला काही घेऊन द्यावयाचे असेल, तर ते तुझे तुला लखलाभ. पण वडिलांच्या नोकरीत काही खालीवर झाले असेल, आणि ते बोलत नाहीत म्हणून तू आपल्या परीने भार उचलू पाहत असशील, तर मात्र मला लिही. आपल्या घरात ओझे गुपचूप उचलणारी माणसे एकदा होऊन गेली. तेवढी पुरेत. माझे पेन्शन अजून चालू आहे आणि या वयात मला खर्च तो कितीसा!

बातमी खोटी असेल तर हे पत्र फाडून टाक आणि म्हाताऱ्याला पोटभर हसून घे; दुकानात मात्र जाच. खरी असेल तर ती पेटी आणि ती किल्ली ज्याची त्याला आजच्या आज परत कर. वडिलांना मी काही कळविलेले नाही, आत्यालाही गप्प केले आहे. सांगावयाचे ते तूच सांग, रविवारी सकाळी, दुसरा चहा झाल्यावर. पहिल्या चहाआधी तो लहानपणापासून कोणाचे ऐकून घेत नाही. तुला धीर होत नसेल तर तसे लिही, मी स्वारगेटची गाडी पकडून येतो आणि शेजारी बसतो. बोलणार नाही, नुसता बसेन.

प्रकृतीस जप. रात्रीचे जेवण घरी करीत जा.

तुझे,
धाकटे आजोबा

ता. क. दुकानदारांना लिहिलेली चिठ्ठी सोबत आहे. पाकीट चिकटविलेले नाही, वाचून पाहा. तुझी स्तुती जरा अधिक झाली आहे असे धाकट्या आजीचे म्हणणे पडले, पण मी एक अक्षर खोडले नाही.