२२१ मिलिग्रॅमचा हिशोब

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला आपण काय करतो? लॅबमधल्या काकांनी भरून ठेवलेली बाटली उचलतो, लेबलवरचा आकडा जर्नलमध्ये उतरवतो आणि टायट्रेशनला लागतो. तो आकडा आला कुठून, हे कोणी विचारत नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात तरी ते विचारायला हवं. इथल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे, आणि ते पाणी प्यावं की नाही हे अशाच एका बाटलीच्या भरवशावर ठरतं.

फ्लोराइड खडकातून भूजलात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि प्रमाण खूप असेल तर पुढे हाडं आखडतात. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. म्हणजे सगळा खेळ अर्ध्या मिलिग्रॅमचा!

तपासणी तुलनेने होते. झिर्कोनियमच्या लाल द्रावणात फ्लोराइड गेलं की रंग फिका पडतो. किती फिका म्हणजे किती फ्लोराइड, हे कळायला आधी माहीत प्रमाणाचं, म्हणजे स्टँडर्ड द्रावण लागतं. समजा लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइड हवं आहे. बाटलीत मिळतं ते सोडियम फ्लोराइड. सोडियम २३, फ्लोरीन १९, मिळून ४२. म्हणून १०० × ४२ ÷ १९ = २२१ मिलिग्रॅम मीठ तोलायचं. थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि खुणेपर्यंत पाणी भरायचं. (होस्टेलच्या नळाचं पाणी नको, त्यात आधीच काय काय असेल!) पिपेट तोंडाने ओढू नका, हे विष आहे. साठवायला प्लॅस्टिकची बाटली घ्या.

यातलं १५ मिली घेऊन १०० मिली केलं की १५ मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यातलं १० मिली पुन्हा १०० केलं की १.५. मोलॅरिटीत सांगायचं तर १.५ ला १९ ने भागा, ०.०७९ मिलिमोल.

आता समजा कोणी सरळ १०० मिलिग्रॅम मीठच तोललं. द्रावणात फ्लोराइड फक्त ४५, लेबलवर १००. मग ०.७ चं चांगलं पाणीही १.५ च्या वर दिसेल आणि बिचाऱ्या गावाचा चालू हातपंप बंद होईल. उलटी चूक जास्त वाईट. पाणी खुणेच्या खाली, ९०० मिलीवरच थांबवलं तर द्रावण १११ चं होतं. मग १.६ चं पाणी १.४४ दिसतं, म्हणजे पास. ते पाणी पोरं वर्षानुवर्षं पितील.

'पाणी उकळून प्या' हा सल्ला जंतूंसाठी एकदम बरोबर, पण फ्लोराइड वाफेबरोबर जात नाही. १.२ चं लिटरभर पाणी आटवून अर्धा लिटर केलं तर २.४ होतं.

ते काढायची एक साधी पद्धत नागपूरच्या 'नीरी'ने बसवली, नलगोंडा पद्धत. पाण्यात तुरटी आणि चुना ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. इथेही द्रावणच आलं. १०० ग्रॅम तुरटीत एक लिटर पाणी ओतलं तर एकूण लिटरपेक्षा जास्त भरतं. म्हणून आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग एक लिटर करायचं. त्याच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम तुरटी येते. तुरटी किती हे फ्लोराइड आणि पाण्याची अल्कलिनिटी बघून ठरतं. समजा लिटरला ४०० मिलिग्रॅम ठरली, तर ४० लिटरच्या ड्रमला १६० मिली. अंदाजाने जास्त ओतली तर ॲल्युमिनियम पाण्यात राहतं, म्हणून मेझरिंग सिलिंडर तिथेही लागतोच.