घड्याळ तुझ्याकडे राहू दे
(नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्यारोपण समन्वयक भाचीला आत्याचा कानमंत्र)

पोरी, आयसीयूतल्या नर्सिंगनंतर तू प्रत्यारोपण समन्वयक व्हायचं ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. माझी सगळी नोकरी याच कामात सरली. तळेगाव दाभाड्यात राहून पिंपरी-चिंचवडच्या रुग्णालयांत हे काम करणाऱ्याला काय काय निभवावं लागतं, ते प्रशिक्षणात पुरतं कळत नाही. म्हणून सांगून ठेवते. सगळ्याचं सार आधीच ऐक. या कामात मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवावा लागतो, पण तो हिशेब तुझ्यापाशी राहिला पाहिजे. ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या अंगावर तो पडता कामा नये.

आपलं पद नीट समजून घे

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. 2011 साली त्यात दुरुस्ती झाली आणि 2014 साली नवे नियम आले. त्या दुरुस्तीनंतर समन्वयक नेमल्याशिवाय कोणत्याही रुग्णालयाची प्रत्यारोपणासाठी नोंदणी होत नाही. वैद्यकीय पदवीधर, नर्स किंवा कोणत्याही शाखेचा पदवीधर हे काम करू शकतो. समाजकार्य, समाजशास्त्र अशा विषयातली पदव्युत्तर पदवी असेल तर उत्तम. चेन्नईत 1997 साली सुरू झालेलं मोहन फाउंडेशन एक महिन्याचं प्रशिक्षण आणि एक वर्षाची पदविका चालवतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अवयव प्रत्यारोपणाचं पश्चिम विभागाचं आणि राज्याचं कार्यालय आहे, ज्याला सगळे रोटो-सोटो म्हणतात. आपला रोजचा संबंध मात्र पुण्याच्या झेडटीसीसीशी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी. कुणाचा अवयव कुणाला जायचा हे तिथल्या प्रतीक्षायादीवरून ठरतं. आपण ठरवायचं नाही, सुचवायचंही नाही. या केंद्राच्या समन्वयक आरती गोखले यांच्यासारख्या लोकांनी पुण्यात हे काम चिकाटीनं रुजवलं, त्या वाटेवरून तू चालणार आहेस.

आयसीयूतल्या डॉक्टरांनी समन्वयकाला सोबत घेऊन नातेवाइकांना अवयवदानाचा पर्याय सांगावा, असं कायदाच म्हणतो. त्यामुळे बोलताना ओशाळू नकोस. आपण काही मागायला गेलेलो नसतो. एक निर्णय त्यांच्या हक्काचा आहे, तो त्यांच्यापर्यंत पोचवायला गेलेलो असतो.

मृत्यू आधी, दान नंतर

ही सगळ्यात मोठी गोष्ट. मॉनिटरवर ठोके दिसतायत, छाती वरखाली होतेय, अंग गरम लागतंय. अशा वेळी आईला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुझा मुलगा गेला? ते डॉक्टरांनी सांगायचं, बसून आणि साध्या शब्दांत. त्या बोलण्यात अवयवदानाचा अ सुद्धा येऊ द्यायचा नाही. मृत्यूची बातमी आणि दानाचा प्रश्न एका दमात गेले की नातेवाइकांना वाटतं, यांना अवयव हवेत म्हणून हे मेला म्हणतायत. एकदा हा संशय शिरला की तो निघत नाही.

तू तिथे हजर राहा, पाणी दे, ऐकून घे. कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक विचारला तर सांग की कोमात मेंदू जिवंत असतो आणि माणूस परतू शकतो. मेंदूमृत्यूत मेंदूचा देठ, म्हणजे श्वास चालवणारा भागच कायमचा बंद पडलेला असतो. श्वास यंत्राचा आहे, आणि हृदयाला ऑक्सिजन मिळतोय तोवर ते धडधडत राहणार. "मशीनवर जिवंत ठेवलंय" हे वाक्य तुझ्या तोंडून कधी निघू देऊ नकोस. "बॉडी", "पेशंट" असंही म्हणू नकोस. केसपेपरवर लिहिलेलं नाव घे आणि त्याच नावानं शेवटपर्यंत बोल.

"म्हणजे आता काही उरलं नाही," असं घरचे स्वतः बोलू लागले किंवा पुढच्या तयारीचं विचारू लागले, की दानाविषयी बोलायची वेळ आली असं समज. त्याआधी घाई केलीस तर मिळायचा तो होकारही जाईल.

त्या सहा तासांत पळून जाऊ नकोस

मेंदूमृत्यूचा दाखला चार डॉक्टर देतात: रुग्णालयाचे प्रमुख, नेमलेल्या यादीतले तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं कुणीही त्यांत नसतं, हे घरच्यांना आवर्जून सांग. तपासण्या दोनदा होतात आणि दोहोंमध्ये किमान सहा तासांचं अंतर असतं. गुंगीची औषधं, विषबाधा, अंग फार थंड पडणं अशी कारणं आधी वगळली जातात.

यातली श्वासाची तपासणी तू डोळ्यांनी नीट पाहा. आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर सोडवतात. छाती आणि पोट उघडं ठेवतात. आठ-दहा मिनिटं सगळे नुसते बघत उभे असतात, एक तरी श्वास स्वतःहून येतो का. मग रक्ताचा नमुना जातो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठच्या वर चढूनही श्वास आला नाही, तर मेंदूचा देठ मृत आहे. घरच्यांची इच्छा असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर भावाला किंवा वडिलांना त्या वेळी आत उभं राहू दे. तासभर समजावून जे पटत नाही ते त्या मिनिटांत कळतं. पण आग्रह करू नकोस. काहींना ते सोसत नाही.

बोलणारा वेगळा, ठरवणारा वेगळा

आपल्या पट्ट्यात माणसं कुठून कुठून येतात ते तुला ठाऊक आहे. लातूर, नांदेड, बुलढाणा, बिहार, उत्तर प्रदेश. तळेगाव-चाकण रस्त्यावर शिफ्ट सुटल्यावर दुचाकीला कंटेनरचा धक्का लागतो, आणि रुग्णालयात सोबत येतो तो खोलीतला मित्र, नाहीतर कंपनीचा सुपरवायझर. ही माणसं मनानं कितीही जवळची असोत, त्यांची संमती चालत नाही. ठेकेदाराची तर नाहीच. पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं यांनाच कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हटलं आहे. ते गावाहून निघाले असतील तर रेल्वेचा प्रवास एक-दीड दिवसाचा. तोवर थांबायचं. फोनवर दानाचा विषय काढायचा नाही. फोनवर एवढंच सांगायचं की तब्येत फार गंभीर आहे आणि घरच्या मोठ्यांनी यावं.

आल्यावर पाहा, बोलतंय कोण आणि सगळे वळून बघतायत कुणाकडे. पुढे होऊन डॉक्टरांशी बोलणारा मेहुणा असतो, पण शब्द चालतो मामाचा. कोपऱ्यात गप्प बसलेली आई किंवा बायको असते, तिच्याजवळ जाऊन तू स्वतः बस. तिच्या मनात नसताना बाकीच्यांनी दिलेली सही घेऊन पुढे जाऊ नकोस. घरी गेल्यावर उरलेलं आयुष्य तिला त्या निर्णयासोबत काढायचं असतं. हिंदी येतं म्हणून भागत नाही. गोपालगंजच्या आजीला तिच्या बोलीत समजावणारं माणूस वॉर्डात शोध. एखादा वॉर्डबॉय नक्की सापडतो.

विचारलं जातं ते बहुधा हेच: चेहरा नीट राहील ना, पुढच्या जन्मी डोळे मिळतील ना, अंत्यविधी वेळेवर होईल ना. कुठलाही प्रश्न अडाणीपणाचा समजू नकोस. टाके नीट घालून, आंघोळ घालता येईल असंच शरीर मिळतं, हे ठामपणे सांग. संमतीनंतर दात्याची देखभाल, शस्त्रक्रिया, वाहतूक यांचा एक रुपयाही घरच्यांकडून घेता येत नाही, हेही सांग. आधीच्या उपचारांच्या बिलाची मदत लागत असेल तर महात्मा फुले योजना आणि धर्मादाय रुग्णालयांचा राखीव निधी यांची खटपट संमतीच्या आधीपासूनच कर. बिलाची सूट आणि दानाची सही या दोन गोष्टी एका वाक्यात कधी येऊ देऊ नकोस. अवयवाचा मोबदला हा गुन्हा आहे.

आणि ते नाही म्हणाले, तर हात जोडून "ठीक आहे" म्हण आणि तितक्याच आस्थेनं पुढचे कागद करून दे. नीट समजून दिलेला नकारही तुझ्या चांगल्या कामाचाच भाग आहे. हृदय बंद पडलं तरी सहा तासांच्या आत नेत्रदान होऊ शकतं. मन तयार दिसलं तर एवढं एकदाच सांगून ठेव.

दात्याची शुश्रूषा सोडू नकोस

संमतीची सही आठ नंबरच्या फॉर्मवर, अज्ञान मुलासाठी पालकांची सही नऊ नंबरवर, आणि मेंदूमृत्यूचा दाखला दहा नंबरवर. पण सही झाली म्हणजे काम संपलं असं समजणारा समन्वयक अवयव गमावतो. मेंदू गेला की रक्तदाब कोसळतो, अंग थंड पडतं, लघवी धो धो होऊ लागते आणि सोडियम चढतं. आयसीयूत शंभरांचा नियम तुला माहीत आहेच: वरचा रक्तदाब शंभराच्या वर, लघवी ताशी शंभर मिलीच्या आसपास, रक्तातला ऑक्सिजन शंभराच्या वर, हिमोग्लोबिन दहाच्या वर. व्हॅसोप्रेसिन, गरम पांघरूण, फुप्फुसांची काळजी, सगळं सुरूच ठेवायचं. रात्रपाळीच्या नर्सला वाटतं, आता माणूस गेलाच आहे, दुसऱ्याकडे जावं. तिच्याशी प्रेमानं बोल. तिनं सांभाळलेला तो रक्तदाब तिकडे कुणाचं तरी यकृत म्हणून जगणार आहे.

पोलिसांना आधी सांग

अपघात म्हणजे मेडिको-लीगल. तळेगाव दाभाडे, तळेगाव एमआयडीसी, चाकण, महाळुंगे, नेमकी हद्द कुणाची ते पहिल्याच तासात विचारून घे. सही झाल्यावर शोधायला लागशील तर रात्र तिथेच जाते. पंचनामा, ना-हरकत, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना अवयव काढताना हजर राहण्यासाठी कार्यालयीन वेळेनंतरही विनंती करण्याची तरतूद 2014 च्या नियमांत आहे. तो उतारा छापून फाइलमध्ये ठेव. ठाण्यात नव्यानं आलेल्या अंमलदाराला तो दाखवला की वाद घालावा लागत नाही.

रस्ता आणि पेटी

ऑपरेशन थिएटरमध्ये महाधमनीला चिमटा लागतो त्या क्षणी वेळ मोजायला सुरुवात होते. हृदयाला चार तास, फुप्फुसांना सहा-आठ, यकृताला आठ ते बारा, मूत्रपिंडाला चोवीस किंवा थोडे जास्त. त्यात प्रवासासोबत टाके घालायची वेळही आली, म्हणून पोलिसांना ग्रीन कॉरिडॉरची वेळ अंदाजानं देऊ नकोस. थिएटरमधून नक्की वेळ घे, मग फोन कर. अवयव थंड द्रावणात, एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत बांधून बर्फाच्या पेटीत जातो. पेटीवर अवयव, डावा की उजवा, रक्तगट, चिमट्याची वेळ हे सगळं स्वतः वाच, मोठ्यानं वाच, आणि दुसऱ्याकडून वाचून घे. जुळणीच्या तपासणीचे रक्ताचे नमुने सोबत गेले का तेही पाहा.

3 ऑगस्ट 2015 ला पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या एका बाईंचं हृदय लोहगाव विमानतळावरून मुंबईला गेलं आणि मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूनं ते एका तरुणाला बसवलं. मुंबईत त्याआधीचा प्रयत्न 1968 चा, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा. तो रुग्ण काही तासच जगला. मधली सत्तेचाळीस वर्षं शल्यचिकित्सकांचं कौशल्य एकटं पुरत नव्हतं. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा, प्रतीक्षायादी, वाहतूक पोलीस आणि समन्वयक हे सगळे एका साखळीत आल्यावर ते जमलं. आपल्या दारावरून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर अशी पेटी निघेल तेव्हा त्या साखळीतली एक कडी तू असशील.

नंतरचे दिवस खरे कसोटीचे

शरीर सन्मानानं घरच्यांच्या हाती देताना तू तिथे उभी राहा. बिहारला विमानानं न्यायचं असेल तर एम्बामिंगचा दाखला लागतो, लातूरला न्यायचं असेल तर शववाहिका. ती व्यवस्था आधीच कर. मृत्यूची वेळ दहा नंबरच्या फॉर्मवर, मृत्यूच्या दाखल्यावर आणि पोलिसांच्या कागदांवर एकच आहे ना, ते तपास. वेगळी पडली तर विमा, पीएफ, ईएसआयसी आणि अपघात दाव्याच्या वेळी त्या बायकोला खेटे घालावे लागतात. महिन्याभरानं फोन कर. तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि घर रिकामं होतं, तेव्हा तुझा आवाज त्यांना हवा असतो. अवयव कुणाला गेला ते सांगता येत नाही, पण ज्यांना मिळाला ते बरे आहेत एवढं सांगता येतं, आणि ते जरूर सांग.

हे सगळं जमवायला तूही टिकली पाहिजेस. रात्रभर जागल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी घे, घरात बोल, मनात साठवू नकोस. आणि एक पक्कं लक्षात ठेव. कामगारांच्या खोल्यांत, गावाकडच्या पारावर, वाड्या-वस्त्यांवर अवयवदानाविषयी जे बोललं जातं ते पोस्टर वाचून बोललं जात नाही. त्या अमक्याच्या घरी रुग्णालयाची माणसं कशी वागली, यावरून बोललं जातं. म्हणून प्रत्येक घराशी असं वाग, की पुढच्या वेळी कुणाच्या दाराशी हा प्रश्न घेऊन जाशील तेव्हा तिथल्या कुणीतरी तुझ्याआधीच त्यांना सांगितलेलं असेल: ही माणसं फसवत नाहीत, यांचं ऐकून घ्या.