'टर्न अप' आणि मराठीतील 'उद्'

इंग्रजीतील 'टर्न अप' या क्रियापदाला 'अचानक येणे', 'सापडणे' असे प्रतिशब्द दिले जातात. ते चुकीचे नव्हेत. हरवलेली छत्री 'टर्न अप' होते तेव्हा मराठीत ती सापडते. तेथे वाद नाही. वाद आहे तो माणसाच्या येण्याविषयी. अनपेक्षित आगमनाला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही, पण त्यांतील बहुतेक शब्द बोलणाऱ्याचे मन आधीच उघडे करतात. पाहुणा 'उगवला' म्हटले की उशिराबद्दलचा टोमणा आला. 'उपटला' किंवा 'टपकला' म्हटले की तो नकोसा ठरला. हिंदीतील 'आ धमकना', 'आ टपकना' यांचीही जात हीच. 'टर्न अप' मात्र आलेला हवासा की नकोसा, हे सांगत नाही.

या तटस्थतेचे मोल डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' (१८४९-५०) या कादंबरीतील मिकॉबरच्या संदर्भात कळते. कर्जापायी तुरुंगात जाऊनही हा गृहस्थ काहीतरी 'टर्न अप' होईल या आशेवर जगतो. 'काहीतरी मिळेल' म्हणावे, तर तो शोधात असल्याचा भास होतो. मिकॉबर शोधत नाही, वाट पाहतो. 'उद्भवेल' तर नकोच. मराठीत अडचण उद्भवते, सुदैव सहसा उद्भवत नाही. 'काहीतरी जमून येईल' हा पर्याय मला पुष्कळ दिवस समाधानकारक वाटत होता: त्यात यत्न नाही, योग आहे.

पण सतराव्या प्रकरणाशी तो अडतो. डेव्हिड कँटरबरीत युराया हीपच्या घरी चहा घेत असताना उघड्या दारावरून जाणारा मिकॉबर अकस्मात आत येतो. प्रकरणाच्या शीर्षकात डिकन्सने तेच क्रियापद योजले आहे; केवळ 'काहीतरी'च्या जागी 'कोणीतरी' आले आहे. ज्याची वाट पाहावी ते येत नाही, वाट पाहणाराच येतो! माणूस काही 'जमून येत' नाही, विनोद निसटतो.

म्हणून टोमण्याचा धोका पत्करूनही मी आता दोन्ही ठिकाणी 'उगवणे' स्वीकारीन. सूर्य आणि बी यांच्या संदर्भात त्या शब्दाला टोमण्याचा स्पर्शही नाही. आशा तेथून घेता येते, आणि थट्टा माणसाच्या संदर्भातून आपोआप येते. शिवाय 'उगवणे', 'उपटणे', 'उद्भवणे' या तिन्हींच्या पोटात संस्कृत 'उद्' हा वर येण्याचा उपसर्ग दडलेला आहे. इंग्रजीने 'अप' क्रियापदाबाहेर मोकळा ठेवला. आपल्याकडे तो धातूत इतका मुरला की तो वेगळा ओळखूही येत नाही.