बर्फावर मोटारीची पकड

मोटार इंजिनाच्या जोरावर चालते, असे आपण सहज म्हणतो. परंतु इंजिन केवळ चाके फिरवते. मोटार पुढे सरकते ती टायर व रस्ता यांमधील घर्षणामुळे. ती वळते आणि थांबते, तीही ह्याच घर्षणामुळे. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. साऱ्या प्रवाशांची भिस्त एवढ्याशा जागेवर!

हिमालयातील हिवाळ्यात ह्या घर्षणाची खरी परीक्षा होते. मनालीहून लाहौलकडे जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. बोगद्यात हिमवृष्टीचे भय नाही. परंतु त्याची दोन्ही तोंडे ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने हिवाळ्यात बाहेर पडताच हिमाशी गाठ पडते. पुलांवर, सावलीतील वळणांवर आणि झऱ्याचे पाणी रस्त्यावरून वाहते तेथे बर्फाचा पातळ, पारदर्शक थर जमतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो, म्हणूनच अधिक घातक होय.

आता थोडे गणित करू. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि घर्षणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. घर्षणांक कोरड्या डांबरावर सुमारे ०.७, दाबल्या गेलेल्या हिमावर ०.२ व गुळगुळीत बर्फावर ०.१ धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून अनुक्रमे सुमारे ९, ३१ व ६३ मीटरांवर थांबेल. वेग निम्मा केला, तर बर्फावरील ६३ मीटरांचे १६ मीटरच उरतात!

मोटारीतील आधुनिक योजनांचे कार्य ह्या दृष्टीने तपासावे. सामान्य मोटारीत एक चालते चाक घसरून गरगर फिरू लागले, की डिफरन्शियलच्या रचनेमुळे जोडीच्या चाकालाही पुरेसा जोर मिळत नाही. ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ त्या घसरत्या चाकाला ब्रेक लावते किंवा इंजिनाचा जोर कमी करते. ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ तो जोर चारही चाकांत वाटते. त्यामुळे मोटार चढावर निघते. मात्र ब्रेक सर्वच मोटारींच्या चारही चाकांना असतात. म्हणून थांबताना ह्या योजनेचा लाभ नाही. सहज निघालेली मोटार सहज थांबेलही, हा भ्रम अनेकांना दरीकडे नेतो.

‘एबीएस’ ही योजना ब्रेक दाबल्यावर चाके जखडू देत नाही. ब्रेकचा दाब ती सेकंदात अनेकदा कमीअधिक करते. ह्यामुळे थांबतानाही मोटार वळवता येते. ब्रेकचे पायटे थरथरले तरी पाय काढू नये. तथापि भुसभुशीत हिमात थांबण्याचे अंतर हिच्यामुळे वाढूही शकते, कारण जखडलेल्या चाकापुढे साचणारा हिमाचा ढीग येथे साचत नाही.

ह्या तिन्ही योजना असलेली पकड वाया जाऊ देत नाहीत. नवी पकड निर्माण करीत नाहीत. ते काम थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे हिवाळी टायर आणि चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या करतात. साखळ्या चालत्या चाकांना, बर्फ लागण्यापूर्वीच सपाट जागी बांधाव्यात. त्या लावून वेग अगदी मंद ठेवावा आणि कोरडा रस्ता येताच त्या काढाव्यात.

चालकाने निघताना इंजिनाला हळुवार जोर द्यावा. वळणापूर्वीच, सरळ रस्त्यावर वेग कमी करावा. कारण एकाच पकडीतून वळणे व थांबणे दोन्ही साधायचे असते. उतारावर खालचा गिअर ठेवावा व पुढील वाहनापासून भरपूर अंतर राखावे. मोटार खोल हिमात रुतली, तर ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरते बंद करणे कधी उपयोगी पडते. बाहेर निघताच ते पुन्हा सुरू करावे.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्रे कितीही सुधारली तरी घर्षणाचा नियम बदलत नाही. बर्फावर वेग किती असावा, हे मात्र चालकाच्याच हाती असते. आणि तेथेच प्रवाशांची सुरक्षितता ठरते.