बोल आणि आचार



'वचन' म्हणजे बोललेला शब्द, आणि मराठीत दिलेला शब्दही. बाराव्या शतकात बसवण्णादी शरणांनी संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या कन्नड भाषेत वचने सांगितली. पुढे मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठीत लिहिले. हेतू एकच, ऐकणाऱ्याला कळावे.

शरण बोलत ते आपल्या कायकातून. अंबिगर चौडय्या नावाडी, मडिवाळ माचय्या परीट. ज्याने वल्हे धरले, त्याच्याच तोंडी नदीचा दृष्टांत शोभतो.

आयदक्की लक्कम्मांचे पाहा. पती मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एकदा त्यांनी नित्यापेक्षा जास्त आणले. लक्कम्मांनी मोजक्या शब्दांत ते परत टाकून यावयास सांगितले. मारय्या गेले. का गेले? लक्कम्मा स्वतः तेवढ्यावरच समाधानी होत्या. शब्द थोडे, परंतु त्यांच्या पाठीशी आचरण होते.

बसवजयंतीस व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने तीन गोष्टी तपासाव्यात. भाषा शेवटच्या रांगेतील आजींना कळते का? दृष्टांत आपल्या अनुभवातला आहे का? आणि जे सांगतो ते आपण करतो का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर टाळ्या मिळतील; विचार मात्र मंडपातच राहील.

शरणु शरणार्थी.