सही करण्याआधी रेसिडेन्सी ठरव

पोरी, मेडिकलला प्रवेश मिळाला, आता अमेरिकेच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेयस, असं दादा म्हणाला. उत्तम. फी ते भरतात, वर दरमहा स्टायपेंड देतात. बदल्यात जितकी वर्षं पैसे घेशील तितकी वर्षं, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार, डॉक्टर मिळत नाहीत अशा वस्तीत काम करायचं. १९७० च्या कायद्याने ही संस्था उभी केली ती गरीब वस्त्यांना आणि आडगावांना आपला डॉक्टर मिळावा म्हणून. हे डोक्यात पक्कं ठेवलंस की सेवा पुढे ढकलण्याचे नियम असे का आहेत ते आपसूक कळेल.

एमडीची पदवी हातात पडली की लगेच सेवेला जायचं नसतं. रेसिडेन्सी होईपर्यंत थांबायची मुभा मिळते. मात्र रेसिडेन्सी त्यांच्या यादीतलीच हवी. फॅमिली मेडिसिन, जनरल इंटर्नल मेडिसिन, लहान मुलांचं जनरल पीडियाट्रिक्स यांना तीन-तीन वर्षं. स्त्रीरोग-प्रसूती आणि सायकिअ‍ॅट्रीला चार. त्यापुढे चीफ रेसिडेंटचं एक वर्ष, वृद्धांच्या आजारांची किंवा मुलांच्या मानसोपचाराची फेलोशिप, अशा मोजक्या गोष्टींना परवानगी मिळू शकते. कार्डिऑलॉजी, डर्मेटॉलॉजी, सर्जरी यांना नाही. वहिनी 'इंटर्नल मेडिसिन करू दे, मग हळूच कार्डिऑलॉजीची फेलोशिप घेईल' म्हणत असेल, तर तिला सांग की यात 'हळूच' काही होत नाही. रेसिडेन्सी, मग सेवा, मग हवी ती फेलोशिप, असा क्रम लावलास तर कोणी अडवणार नाही. दोन-चार वर्षं उशीर होतो, एवढंच. लग्नाच्या बाजारात त्याने काय बिघडतं हे मला आजवर कळलेलं नाही.

क्रम मोडलास तर मात्र कठीण आहे. करार मोडला असं ठरलं की तुझ्यावर खर्च झालेल्या रकमेच्या तिप्पट, वर व्याज, आणि तेही एका वर्षात भरायचं. दोन लाख डॉलर घेतले असशील तर सहा लाखांच्या पुढे. दिवाळखोरी जाहीर करूनही निदान सात वर्षं यातून सुटका नाही. दादाला हा भाग करारात स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे. आपल्याकडे मोठी माणसं 'बघू पुढचं पुढे' म्हणून सही करायला लावतात, आणि पुढचं निस्तरायला मूल एकटं उरतं.

रेसिडेन्सीसाठी थांबायची मुभा आपोआप मिळत नाही, मागावी लागते. रेसिडेन्सीच्या जागा ठरवणाऱ्या मॅचसाठी प्रोग्रामची यादी लावण्याआधीच विचार, मॅच लागल्यावर नव्हे. परवानगी लेखी घे. फोनवर कोणी 'हो, चालेल' म्हटलं त्याचा उपयोग नाही. जे कळवशील ते संस्थेच्या पोर्टलवरून कळव आणि उत्तराची प्रत जपून ठेव. रेसिडेन्सीत दरवर्षी तू कुठे आहेस याची खातरजमा ते करतात. त्या ईमेलला नाइट ड्यूटीच्या गडबडीत उत्तर द्यायचं राहू देऊ नकोस. मध्येच शाखा बदलावीशी वाटली तर आधी त्यांना विचार, राजीनामा नंतर.

आणखी एक. रेसिडेन्सीची वर्षं सेवेत धरत नाहीत, मग ती गरिबांच्या हॉस्पिटलात का काढलेली असेनात. सेवेची मोजणी मान्यताप्राप्त ठिकाणी रुजू झाल्यावरच सुरू होते: पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला चाळीस तास, वर्षात पंचेचाळीस आठवडे. ठिकाणाला टंचाईचे गुण असतात आणि शिष्यवृत्तीवाल्यांसाठी किमान गुण किती हे दरवर्षी ठरतं. म्हणून रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच शोधाला लाग. शिकागोत घर घेऊन बसशील आणि नोकरी मिळेल मोंटानात. जोडीदार ठरवताना हेही सांगून टाक.

आमच्या पिढीतल्या कित्येक मराठी डॉक्टरांनी जे-वन व्हिसाच्या मायदेशी परतण्याच्या अटीतून सुटायला अशाच वस्त्यांत तीन-तीन वर्षं काढली. काही तिथेच राहिले. तेव्हा 'खेड्यात जाऊन काय करणार' हे आपल्या घरात तरी कोणी बोलू नये.

तुझ्या मामेभावाला लष्कराची शिष्यवृत्ती हवी आहे, त्याचा हिशेब निराळा. तिथे मॅचचा निकाल डिसेंबरातच लागतो. नागरी हॉस्पिटलात रेसिडेन्सी करायला सोडायचं की नाही, हे त्या त्या सैन्यदलाच्या गरजेवर ठरतं. कधी एका वर्षाच्या इंटर्नशिपनंतर जनरल मेडिकल ऑफिसर म्हणून पाठवतात आणि रेसिडेन्सीच लांबते. लष्करी हॉस्पिटलात रेसिडेन्सी केली तरी त्या वर्षांनी शिष्यवृत्तीची फेड होत नाही. दोन्हीकडे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. त्याचं अजून ग्रीन कार्ड आहे, हे त्याला आधी सांग.

माझं मत विचारशील तर फॅमिली मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स मनापासून आवडत असेल तर कोअरची शिष्यवृत्ती डोळे मिटून घे, याहून चांगला सौदा नाही. कार्डिऑलॉजीचा किडा डोक्यात वळवळत असेल आणि थांबायची तयारी नसेल तर सही करू नकोस, कर्ज काढ. पुढे प्राथमिक सेवेतच रमलीस तर याच संस्थेची कर्जफेडीची योजना आहे. तो करार रेसिडेन्सी संपल्यावर करता येतो आणि त्याचीही सुरुवातीची मुदत दोनच वर्षांची असते.