न दिसणारा कणा : ठोकळ्यांच्या अवकाशयानाचे आरेखन करणाऱ्यांसाठी

लेगोच्या ठोकळ्यांतून विज्ञानकथेतील अवकाशयानाची स्वतंत्र प्रतिकृती आरेखित करणे, म्हणजे तयार संचातील सूचनापुस्तिकेचा आधार न घेता प्रत्येक भागाची निवड, जागा आणि जोडणी स्वतः ठरवणे, हे काम पाहणाऱ्याला आकार जुळवण्याचे वाटत असले, तरी मुळात ते भार पेलण्याचे काम आहे. यानाचे बाह्यरूप चित्रपटाने आधीच ठरवून दिलेले असते. आरेखकाची खरी निर्मिती त्या बाह्यरूपाच्या आत असते आणि प्रतिकृती पूर्ण झाली की ती कोणाच्याही नजरेस पडत नाही. जे दिसत नाही त्याचे मोल द्यायचे नाही आणि जे मोडले त्याचा दोष मात्र आरेखकाच्या माथी मारायचा, अशी वागणूक प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आली. ती या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी हे विवेचन आहे.

ज्या यानाच्या संदर्भात हे घडले ते म्हणजे स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटातील ‘डिस्कव्हरी वन’. पुढे गोलाकार निवासकक्ष, मागे इंजिनांचा अवजड गट आणि या दोहोंना जोडणारा लांब, अरुंद, एकसारख्या पेट्यांच्या ओळीने बनलेला कणा, अशी त्याची रचना असून कण्याच्या मध्यभागी पृथ्वीशी संपर्क राखणारी अँटेना आहे. चित्रीकरणासाठी बनवलेली त्याची मोठी प्रतिकृती ५४ फूट, म्हणजे सुमारे साडेसोळा मीटर लांब होती. अणुऊर्जेवर चालणाऱ्या यानाला उष्णता बाहेर टाकण्यासाठी प्रचंड उत्सर्जक फलक लागले असते. पण प्रेक्षकांना ते विमानाचे पंख वाटतील म्हणून ते गाळले गेले आणि यानाला ती कृश, लांबट आकृती मिळाली. अवकाशात वजन नसल्यामुळे हा आकार शोभतो, परंतु टेबलावर ठेवायच्या प्रतिकृतीला दोन टोकांना ओझे आणि मध्ये काडी, ही सर्वांत प्रतिकूल स्थिती ठरते.

अशा कामाची सुरुवात मापांपासून होते. ठोकळ्याच्या माथ्यावरील गोल उंचवट्याला स्टड म्हणतात आणि शेजारच्या दोन स्टडांच्या केंद्रांतील अंतर ८ मिलिमीटर असते. पूर्ण ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, तर प्लेट या पातळ भागाची उंची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर असते. यावरून पाच प्लेटांची उंची बरोबर दोन स्टडांच्या रुंदीइतकी भरते, आणि ठोकळे आडवे वळवून स्टड बाजूला किंवा खाली तोंड करून बसवण्याचे जे तंत्र आहे, ते सारे या एका समीकरणावर उभे आहे. डिस्कव्हरीसारख्या यानात प्रमाण ठरते ते गोलाच्या व्यासाने: व्यास १६ स्टड, म्हणजे १२.८ सेंटिमीटर घेतला, तर तो चाळीस प्लेटांच्या उंचीशी नेमका जुळतो, आणि मधल्या चौकोनी गाभ्याच्या सहाही बाजूंवर एकसारखी सहा कवचे बसवून गोल तयार करता येतो. मात्र यानाची लांबी या व्यासाच्या नऊपट धरली, तर ती मीटरभराच्या पुढे जाते, आणि प्रमाण ठरवण्याचा प्रश्न तेथून पुढे ताकदीचा प्रश्न होतो.

ठोकळ्यांची एकमेकांवरील पकड केवळ घर्षणाची असते. ती वरून येणारा दाब उत्तम सोसते, परंतु वाकवणारा ताण आला की थर एकमेकांपासून उकलू लागतात. म्हणून लांब कणा नुसत्या ठोकळ्यांच्या सांधेबदल रचनेवर सोडता येत नाही. त्यासाठी टेक्निक ठोकळे, म्हणजे ज्यांच्या कुशीत आरपार भोके असतात असे ठोकळे, वरखाली दोन थरांत घ्यावे लागतात आणि त्या थरांमध्ये दोन प्लेटांची जागा ठेवावी लागते. एका ठोकळ्याची उंची ९.६ आणि दोन प्लेटांची ६.४ मिळून १६ मिलिमीटर होत असल्यामुळे वरच्या आणि खालच्या भोकांमधील अंतर बरोबर दोन स्टडांचे भरते, आणि उभी टेक्निक पट्टी पहिल्या व तिसऱ्या भोकात पिन घालून दोन्ही थरांना घट्ट कुलूपबंद करते. मग थर उकलायला पिन तुटावी लागते, नुसते घर्षण सुटून भागत नाही. भरीव आयताकृती छेदाची उंची दुप्पट केली की तुळईचा ताठपणा आठपट होतो. म्हणून कण्याची रुंदी वाढवण्यापेक्षा आतल्या सांगाड्याला जेवढी उंची देता येईल तेवढी देणे नेहमी हिताचे ठरते. प्रस्तुत लेखकाच्या आराखड्यात हा दुहेरी थरांचा, उभ्या पट्ट्यांनी जखडलेला सांगाडा गोलाच्या गाभ्यापासून इंजिनांच्या गटापर्यंत अखंड गेला होता आणि यानाला दोन टेकू होते, एक गोलाच्या मानेखाली व दुसरा इंजिनांच्या अलीकडे.

सूचनापत्रिका वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून आत लपणाऱ्या भागांना मुद्दाम भडक रंग देण्याची पद्धत आरेखकांमध्ये रूढ आहे. त्यानुसार पांढऱ्या कवचाच्या आत खालचा थर लाल, वरचा पिवळा आणि उभ्या पट्ट्या निळ्या ठेवलेल्या होत्या. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

काम एका संस्थेच्या विज्ञानकथाविषयक प्रदर्शनासाठी होते. सुरुवातीची बोलणी आदराची होती. आराखड्याची चित्रे पाहून आयोजकांनी अँटेना थोडी मोठी हवी, इंजिनांची तोंडे अधिक खोल हवीत, असे बदल सुचवले आणि प्रत्येक बदल करून देण्यात आला. त्यानंतर अंदाजपत्रकासाठी भागांची मोजणी करायची आहे, या कारणाने मूळ संगणकीय फाइलची मागणी आली. केवळ मोजणीसाठी यादी पुरेशी असते आणि ती आधीच पाठवलेली आहे, असे कळवल्यावर ‘आपल्यात काय एवढे, ठोकळेच तर आहेत’ असे उत्तर मिळाले. बोलणी सद्‌भावाने चालली आहेत, असे मानायला तोवर पूर्ण आधार होता, म्हणून फाइल दिली गेली. त्यानंतर पत्रांना उत्तरे येईनाशी झाली, दूरध्वनीवर ‘समितीत विषय आहे’ एवढेच सांगितले जाऊ लागले, आणि ठरलेल्या मानधनाचा उल्लेख पुन्हा कोणी केला नाही.

खरा प्रकार उघड झाला तो प्रदर्शन सुरू झाल्यावर, तेथे गेलेल्या एका परिचितांनी पाठवलेल्या छायाचित्रामुळे. छायाचित्रात डिस्कव्हरी उभी होती, परंतु दोन टेकूंऐवजी मध्यभागी एकच टेकू होता आणि गोल व इंजिने दोन्हीकडे खाली झुकली होती. मधल्या टेकूवर तोललेल्या तुळईच्या वरच्या बाजूस ताण येतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी, अँटेनेच्या तळाशी, पांढरे कवच फाकून बोटभर फट पडली होती. त्या फटीत वर पिवळा थर आणि त्याखाली लाल थर स्पष्ट दिसत होता. चित्रपट पाहून स्वतंत्रपणे यान बांधणाऱ्या कोणालाही लपणाऱ्या कण्याला पिवळा आणि लाल रंग याच क्रमाने देण्याचे काहीच कारण नव्हते. तो क्रम केवळ त्या फाइलमध्ये होता. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर दुसरी गोष्टही लक्षात आली: रंग तेच होते, पण त्या ठोकळ्यांना भोके नव्हती. महाग टेक्निक भागांच्या जागी त्याच रंगाचे साधे ठोकळे घातलेले होते आणि निळ्या पट्ट्यांचा मागमूस नव्हता. ज्यांनी आराखडा घेतला त्यांनी त्याचा रंग तेवढा घेतला होता आणि ताकद फेकून दिली होती. प्रतिकृतीशेजारच्या फलकावर संकल्पना व आरेखन या शीर्षकाखाली आयोजकांपैकीच एकाचे नाव होते.

विचारणा केल्यावर मिळालेली उत्तरे परस्परविरोधी होती. आधी सांगण्यात आले की अशी याने जगभर शेकडो लोक बांधतात, त्यात कोणा एकाचे असे काही नसते. आणि यान झुकल्याची तक्रार पाहुण्यांनी केल्यावर तेच लोक लेखी कळवते झाले की मूळ आरेखनातच दोष होता. आराखडा कोणाचाच नसेल तर दोष एकाचा कसा, या साध्या प्रश्नाला आजतागायत उत्तर आलेले नाही. वस्तुस्थिती अशी की मूळ आराखड्याप्रमाणे पूर्ण लांबीचा कणा, दोन्ही टोकांना नियोजित वजन बांधून, दोन टेकूंवर आधीच तपासलेला होता आणि तो सरळ राहिला होता. त्याची छायाचित्रे आयोजकांकडेही होती. वाकला तो आराखडा नव्हे, आराखड्याची परवानगीवाचून केलेली मोडतोड वाकली.

या अनुभवातून निघणारी पहिली सूचना फाइलविषयी आहे. एलड्रॉ ही ठोकळ्यांच्या संगणकीय आरेखनाची पद्धत ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन यांनी १९९५ साली सुरू केली. तिच्या फाइलमध्ये प्रत्येक भागासाठी एक ओळ असते आणि त्या ओळीत भागाचा क्रमांक, रंगाचा संकेतांक, जागा आणि दिशा साध्या मजकुरात लिहिलेली असते. ब्रिकलिंकच्या स्टुडिओ या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये केलेले कामही या स्वरूपात काढता येते. याचा अर्थ असा की फाइल देणे म्हणजे अंदाज देणे नसून संपूर्ण कृती देणे होय. अंदाजपत्रकासाठी भागांची यादी द्यावी, रूप पटवण्यासाठी चित्रे द्यावीत, आणि मूळ फाइल पूर्ण मानधन हाती आल्याशिवाय कोणालाही देऊ नये, मग समोरची व्यक्ती कितीही गोड बोलो.

दुसरी सूचना बांधणीच्या क्रमाची आहे. संगणकाच्या पडद्यावरील यान कधीच वाकत नाही, म्हणून कवचाच्या सजावटीला हात घालण्यापूर्वी केवळ सांगाडा प्रत्यक्ष ठोकळ्यांत बांधावा, टोकांना अपेक्षित वजन बांधून तो काही दिवस तसाच ठेवावा आणि त्याची दिनांकासह छायाचित्रे काढावीत. प्रत्येक भागाचे वजन सुट्या भागांच्या बाजारातील सूचीत मिळते; त्यावरून गोल आणि इंजिने यांचे वजन आधी मोजून त्यानुसार टेकूंच्या जागा ठरवाव्यात. कोणते भाग बदलू नयेत आणि टेकू हलवू नयेत, हे सूचनापत्रिकेच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावे, म्हणजे पुढे कोणी दोष लादला तर दाखवायला कागद राहतो.

तिसरी सूचना रंगांची आणि भागांच्या खर्चाची. निवडलेला भाग हव्या त्या रंगात प्रत्यक्ष तयार झालेला आहे की नाही, हे आधी तपासावे. जुने व नवे राखाडी भाग एकत्र करू नयेत, कारण २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडी छटा बदलून निळसर केली आणि दोन्ही शेजारी आल्या की कवच ठिगळ लावल्यासारखे दिसते. पांढरे भाग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पिवळे पडतात, म्हणून प्रतिकृती खिडकीपासून दूर ठेवावी. भारतात आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले असल्यामुळे, परदेशातून भाग मागवण्यापूर्वी हा खर्च मागणीदाराला लेखी कळवावा. मोलाच्या भागांना काट मारण्याचा मोह नेमका याच टप्प्यावर होतो.

हक्कांबाबत प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. यानाचे मूळ रूप चित्रपटकर्त्यांचे आहे आणि त्यावर ठोकळ्यांच्या आरेखकाला दावा सांगता येत नाही. मात्र भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेखाटनाच्या व्याख्येत आकृती आणि आराखडाही येतो, आणि त्याच कायद्याचे कलम ५७ कर्त्याला हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा अधिकार देते. म्हणून सूचनापत्रिकेच्या प्रत्येक पानावर नाव आणि दिनांक घालावा, व्यवहार लेखी करावा, करारात मानधन, फाइल देण्याची वेळ, फलकावरील नाव आणि परवानगीवाचून बदल न करण्याची अट, या चार गोष्टी असाव्यात. याखेरीज चांगल्या आरेखकांची कामे अभ्यासावीत, घाई करू नये, आणि प्रत्येक टप्प्याची प्रत जपून ठेवावी, हे कोणत्याही कामाला लागू असलेले नियम येथेही लागू आहेत.

ठोकळे खेळण्याचे असतात म्हणून त्यांचे आरेखन फुकट मागता येते, हा समज आयोजकांमध्ये रुजलेला आहे आणि तो आरेखकांच्या भिडस्तपणावर पोसला जातो. ज्याला यान हवे आहे त्याने यानाच्या कण्याचे मोल दिले पाहिजे. जो ते देण्यास नकार देतो, त्याचे काम नाकारण्यात आरेखकाचे कोणतेही नुकसान नाही.